उजवी खुर्ची

१२ जून

ताई,

फाडायचं असेल तर वाचून मग फाड. मागची दोन पत्रं तुझ्या हातात पडली की भाऊजींनी परस्पर चुलीत घातली, देव जाणे. भाऊजींचा राग मला कळतो. त्यांच्या बॅटरीच्या दुकानात पाना आपटून, नको ते बोलून मी निघालो. पण तुझ्याशी कुठे भांडलो होतो? तू नुसती दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "गेलास तर परत तोंड दाखवू नकोस." बरं, तोंड नाही दाखवत. अक्षर तरी बघ.

बातमी अशी की मला लायसन्स मिळालं. पायलटचं, आणि तेही धंद्याचं, म्हणजे माणसं बसवून विमान चालवायचं. हस, हस. सातवीत शाळा सोडलेला, पानभर वाचायला ज्याला सकाळची दुपार होते, तो मी. फ्लाइंग स्कूलमध्ये इतकी वर्षं विमानं धुतली, पेट्रोल भरलं, ढकलून आत-बाहेर केली, आणि त्याच्या बदल्यात मास्तर मला उडवायला शिकवायचे. शाळेची राहिलेली परीक्षा बाहेरून दिली. हवामानाच्या पेपरात तीनदा आपटलो. ढग मला कळतात गं, ढगांवरचे प्रश्न कळत नाहीत. शेवटी सगळं पुस्तक मोठ्याने वाचून कानाने पाठ केलं, तू शिकवलंस तसं. तू मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसायचीस आणि मी शेजारी रद्दीतला पेपर वाचायचो. चुकलो की मशीन थांबायचं. अजूनही मला मनातल्या मनात वाचता येत नाही. ओठ हलतात, आवाज येतो.

इथे एक रीत आहे. पहिल्यांदा एकट्याने विमान उडवून खाली आणलं की शर्टाची पाठ कात्रीने कापतात आणि भिंतीला टांगतात. बाकीच्या पोरांच्या आया फोटो काढायला आल्या होत्या. माझ्या अंगात तू शिवलेला निळा शर्ट होता. मास्तरांनी कात्री उचलली तसा मी म्हणालो, "सर, शिवणीवरून कापा, ताई चिडेल." सगळे हसले. त्यांना वाटलं ताई म्हणजे कुणी बाहेर उभी आहे.

पण लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे. जिथे जावं तिथे विचारतात, किती तास उडवलंय? तास नोकरीशिवाय होत नाहीत आणि नोकरी तासांशिवाय मिळत नाही. ज्यांचे काका-मामा कंपनीत आहेत ते लागले. एका मोठ्या कंपनीने परीक्षेला बोलावलं. टाय कुणाचा तरी मागून नेला होता. खोलीत शंभर जण, सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि मी पहिला प्रश्न वाचायला लागलो. शेजारची मुलगी म्हणाली, "शू." मग पर्यवेक्षक आला. "अहो, बालवाडी आहे का ही? बाहेर जाऊन वाचा." बाहेर जाऊन काय वाचणार? पेपर त्याने ठेवून घेतला.

सध्या विमानं ठेवतात त्या हँगरच्या कोपऱ्यात टायरांच्या मागे झोपतो. परत ये म्हणू नकोस. म्हणजे तू म्हणणारच नाहीस म्हणा.

२० ऑगस्ट

ताई, लागली! नोकरी लागली!

कंपनी म्हणजे एक विमान, एक शेड, एक मेकॅनिक, एक हमाल आणि एक कॅप्टन. डोंगरापलीकडे खाणी आहेत, वस्त्या आहेत. रस्ता आहे, पण थंडीत बर्फाने बुजतो. म्हणून टपाल, औषधं, खाणीवरची माणसं, आजारी माणसं, सगळं विमानाने. मागे नऊ जण बसतात. डावीकडच्या खुर्चीत कॅप्टन, उजवीकडे मी. नियमानेच दोघं लागतात, आणि इतक्या आडबाजूला दुसरा कुणी यायला तयार नव्हता.

कशी लागली ते ऐक. ऑफिसात बसवलं होतं. भिंतीवर पाटी, आग लागल्यास काय करावे. वेळ जाईना म्हणून बोट ठेवून वाचायला लागलो, सवयीने मोठ्याने. मागून आवाज आला, "पुढे?"

वळून बघतो तर उंच म्हातारा, पांढऱ्या भुवया. म्हणाला, "थांबलास का? आग लागली, मग काय करायचं?"

सगळी पाटी वाचून दाखवली. म्हणाला, "नेहमी असंच वाचतोस?"

मी मान खाली घातली. "हो साहेब. शिक्षण कमी आहे."

"शिक्षणाचं कोण विचारतंय? उद्यापासून ये."

माझी फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. ज्या गोष्टीपायी मला परीक्षेतून उठवलं, तिनेच नोकरी दिली. तुझ्या मशीनचे उपकार.

९ ऑक्टोबर

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी आपला लिहितो, कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला पचत नाही.

काम असं: कॅप्टनचे हात विमानावर आणि माझी नजर काट्यांवर. वेग, उंची, तेलाचा दाब, मी वाचत राहायचं. ही पद्धत सगळीकडेच आहे, पण आमच्या कॅप्टनला अखंड लागतं. म्हणतात, "तू थांबलास की विमान थांबलं असं समज." दर आठवड्याला वस्त्यांवर जाणाऱ्या नर्सबाई आमच्या अगदी मागे बसतात. त्यांनी माझं नाव 'रेडिओ' ठेवलंय. "रेडिओ, बातम्या पुरे, जरा गाणी लाव." आता मेकॅनिकपण रेडिओच म्हणतो. हमाल माझ्या पाठीवर थाप मारून विचारतो, "सेल भरले का आज?"

कॅप्टनकडून शिकण्यासारखं खूप आहे. उडण्याआधी विमान तपासताना ते पंखावरून, पंख्याच्या पात्यांवरून तळहात फिरवतात, लग्नातला घोडा कुरवाळावा तसे. म्हणतात, "डोळे फसवतात, हात फसवत नाही." खाणीपलीकडे शेवटची वस्ती आहे, तिथली धावपट्टी आखूड, चढावर, आणि एका बाजूला दरी. तिथे मला अजून हात लावू देत नाहीत. ते स्वतः मात्र असं उतरवतात की मांडीवरचं मूल जागं होऊ नये.

रविवारी घरी चहाला बोलावलं होतं. चहा स्वतः ओततात, कपाच्या काठात बोट घालून. मी म्हटलं, "साहेब, भाजेल." तर म्हणाले, "पायलटचं बोट आहे, त्याला पेट्रोलचीसुद्धा पातळी कळते." मी खूप हसलो. काकू काही हसल्या नाहीत. रोज ऐकत असतील.

म्हणालेत, वसंतात तुझे तास पुरे होतील, मग तुला डाव्या खुर्चीत बसवतो. ताई, डाव्या खुर्चीत!

२ नोव्हेंबर

पाच वर्षांनी तुझं पत्र. पोस्टातच उभ्याने फोडलं. आत दोन ओळी.

"माझ्या सासूबाई हल्ली पेल्यात बोट बुडवून पाणी ओततात. तुझ्या कॅप्टनला दिसतं का?"

कसा आहेस नाही, जेवतोस का नाही. सरळ माणसाच्या डोळ्यांवर. तुला काय माहीत गं? तू बघितलंयस का त्यांना विमान उतरवताना? दर वर्षी डॉक्टरकडून तपासणी होते, सही-शिक्का होतो, तेव्हा कुठे उडवायला मिळतं. मला चांगलं काही मिळालं की त्यात खोट काढायची, हे भाऊजींकडून शिकलीस. राहू दे. नको लिहूस.

१४ नोव्हेंबर

ताई,

रागात लिहिलं होतं. आता शांतपणे लिहितो.

तुझी ओळ डोक्यातून जाईना. काल हवा स्वच्छ होती, मागे खाणीवरचे सात जण आणि नर्सबाई. आम्ही सहा हजार फुटांवर सरळ चाललो होतो. काटा सहा हजारावर होता, मला लख्ख दिसत होता. मी म्हणालो, "उंची पाच हजार पाचशे."

काटा त्यांच्याही समोर असतो. माझ्यापेक्षा मोठा.

कॅप्टन म्हणाले, "अरे, कधी खाली आलो?" आणि त्यांनी विमान वर उचललं.

मी "सॉरी, सहा हजार, चुकून वाचलं," म्हणालो. ते म्हणाले, "तू चुकत नाहीस."

मागून नर्सबाई म्हणाल्या, "काय रेडिओ, खरखर होतेय का आज?"

५ डिसेंबर

ताई,

त्यांनी स्वतःच सांगितलं. शेडमध्ये खोक्यांवर बसलो होतो. "समोर बघितलं की मधोमध डाग आहे. कडेचं सगळं दिसतं. पट्टीच्या दोन्ही कडा दिसतात, डोंगर दिसतात. तुझे कान दिसतात मला, तोंड नाही दिसत. बायकोचंही नाही, दोन वर्षं झाली."

मी विचारलं, "मग उडवता कसं?"

"उडवायला हात लागतात. वाचायला तू आहेस. मी थांबलो तर इथे कोण येणार आहे, सांग. तुझ्याआधी तिघं आले, थंडी बघूनच पळाले. त्या वस्त्यांवरची माणसं काय करतील?"

याला काय उत्तर द्यायचं? तुला सुचतं का?

आणि खरं सांगू, त्या वेळी मला वस्त्यांची आठवण नव्हती. मला डावी खुर्ची दिसत होती. कंपनी बंद झाली तर मी पुन्हा टायरांच्या मागे.

पुढचं वाचून चिडशील. त्यांची तपासणी जवळ आली होती. माझी त्याच डॉक्टरकडे आदल्या आठवड्यात झाली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो ना, वर मोठी, खाली बारीक, तो डॉक्टर वर्षानुवर्षं बदलत नाही. मी तो पाठ करून आलो. कॅप्टनच्या स्वयंपाकघरात बसून मी ओळी म्हणायचो आणि ते माझ्यामागून म्हणायचे. काकू आमच्याकडे पाठ फिरवून भांडी घासत होत्या. अधूनमधून त्यांचे हात थांबायचे.

ते पास झाले. डॉक्टर म्हणाला, या वयात असे डोळे!

आम्ही दोघं मिळून एक पायलट आहोत, ताई. बाकी जगात एक माणूस एक पायलट असतो. इथे दीड-दोन लागतात, इतकंच. तू कुणाला बोलू नकोस. भाऊजींनाही नाही. एवढं ऐक माझं.

१९ जानेवारी

ताई,

तुझं दुसरं पत्र मिळालं. "ते विमान तुझ्या तोंडावर चाललंय. कुणाला तरी सांग, नाहीतर तोंड बंद कर." वाचून घडी घालून ठेवलं. म्हटलं, हिला इकडचं काय कळतं.

मग परवा हे झालं. आम्ही शेडकडे येत होतो, पंखे फिरत होते. माझी मान खाली, मी तेलाचा दाब वाचत होतो. सहज वर बघितलं तर हमाल समोर, बरोबर मधोमध, खोका खांद्यावर घेऊन आडवा चाललेला. कॅप्टनचा पाय ब्रेकवर नव्हता. त्यांना दिसायचा प्रश्नच नव्हता, तो नेमका डागात होता. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. विमान नाकावर आपटल्यासारखं थांबलं. त्याच्या टोपीचं टोक वाऱ्याने फडफडत होतं, इतकं अंतर.

तो हसला. त्याला वाटलं कॅप्टनने गंमत केली. "जीव घेता का राव!" म्हणाला आणि गेला.

मी एकाच वेळी काटे वाचू शकत नाही आणि बाहेर बघू शकत नाही. हे मला तोवर कळलंच नव्हतं. दोघं मिळून एक पायलट, हा माझा हिशेब चुकीचा होता.

सोमवारी मेकॅनिकला सांगणार आहे. तो वर कळवेल. ठरलंय. सोमवारी नक्की.

३१ जानेवारी

ताई,

सोमवारपर्यंत थांबायला मिळालं नाही.

शनिवारी सकाळी शेवटच्या वस्तीवरून वायरलेस आला. एक बाई अडली होती, मूल आडवं होतं. तिला इकडे दवाखान्यात आणायला हवं होतं. रस्ता बुजलेला. हवा चांगली होती. नर्सबाई पिशवी घेऊन धावत आल्या, कॅप्टन आधीच खुर्चीत बसले होते. मला शेडमध्येच 'नाही' म्हणायचं होतं. तोंडातून निघेना. आत चढलो, पट्टा बांधला, तपासणीची यादी वाचली, सगळं रोजच्यासारखं. इंजिनं पूर्ण ताकदीने सुरू झाली, विमान पळायला लागलं.

कॅप्टन म्हणाले, "वेग?"

काटा चाळीसवर होता. मला चाळीस म्हणायचं होतं. डोळ्यांपुढे ती चढावरची पट्टी आली, तिच्यावर उभी असलेली माणसं, बाईची खाट घेऊन आलेली, मधोमध उभी असतील तर? मी तोंड उघडलंच नाही.

"रेडिओ, वेग सांग." मग, "बाळा, बोल."

पन्नास, साठ. मी गप्प.

त्यांनी इंजिनांचा दांडा मागे ओढला. विमान हळू होत थांबलं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "पुढे पट्टी किती राहिलीय?"

मी म्हटलं, "अर्धी."

मागून नर्सबाई ओरडल्या, "काय झालं? चला ना!"

मी सांगितलं, "यांना दिसत नाही." असं, त्यांच्यासमोर. कॅप्टनने मान वळवून खिडकीकडे केली.

नर्सबाई पट्टा सोडून पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "मग तू चालव. तू पायलट आहेस ना?"

ताई, हे तुला नीट सांगायला हवं. इथून उडवता आलं असतं. तिथे उतरवता आलं नसतं. ती पट्टी मी कधी हाताने जाणलेली नाही. कदाचित आलं असतं. मला भीती वाटली. मी म्हणालो, "मला जमणार नाही."

त्या उतरल्या, दार आपटलं, आणि खाणीची जीप घेऊन बुजलेल्या रस्त्याने निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचल्या. बाई सकाळीच गेली होती. मूल आहे. मुलगी.

१७ फेब्रुवारी

ताई,

चौकशीला दोन अधिकारी आले होते. मी सगळं सांगितलं, तक्त्याचं, सोमवारी सांगणार होतो तेसुद्धा. एकाने विचारलं, "शिकलास किती?" मी म्हटलं, सातवी, मग बाहेरून. त्याने दुसऱ्याकडे बघितलं. कॅप्टनचं लायसन्स गेलं. माझंही गेलं.

कंपनीला कुलूप आहे. वस्त्यांवर काही जात नाही. किराणावाला सुटे पैसे हातात देत नाही, फळीवर ठेवतो. मेकॅनिकचं काम गेलं, तो बोलत नाही, पण त्याच्या बायकोने रस्त्यात थांबवून विचारलं, "सोमवारी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? ती बाई तरी आली असती." मी म्हटलं, त्या दिवशी सगळेच गेलो असतो कदाचित. म्हणाली, "कदाचित." आणि वळून चालू लागली.

नर्सबाई परत आल्या तेव्हा मी त्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. ओरडतील, थोबाडीत मारतील असं वाटलं होतं. त्यांनी कुलूप उघडलं आणि म्हणाल्या, "तू मला आधी का नाही सांगितलंस? मी दर आठवड्याला त्यांच्या मागे बसत होते. दोन महिने आधी सांगितलं असतंस तर मी दुसरा पायलट आणला असता, कुणाच्याही पाया पडून. थंडीआधी आणला असता." मग आत गेल्या. रेडिओ म्हणाल्या नाहीत.

तेच आहे, ताई. बाकी सगळ्याला माझ्याकडे उत्तर आहे, याला नाही.

कॅप्टनकडे गेलो होतो. आतूनच "कोण?" म्हणाले. काकूंनी सांगितलं. मग आवाज आला, "त्याला म्हणावं, त्याचं चुकलं नाही. पण परत येऊ नकोस म्हणावं."

२६ मार्च

ताई,

तुझं लांब पत्र मिळालं. भाऊजींनी खाली दोन ओळी लिहिल्यात तेही वाचलं. दुकानात जागा आहे म्हणतात. त्यांना सांग, मनापासून नमस्कार सांगितलाय. पण आत्ता येत नाही.

तू लिहिलंस की मी बरोबर केलं. तसं लिहू नकोस. तुझ्या पत्रामुळे मी गप्प बसलो असंही मनात आणू नकोस, त्यात तुझा काही संबंध नाही. तोंड माझं होतं. वेळेवर उघडलं नाही, आणि नको तेव्हा बंद झालं. त्या बाईचं नावसुद्धा मला चौकशीच्या कागदावर कळलं.

इथे नवीन कंपनी आली आहे. दोन पायलट, दोघंही तरुण, एकाला अजून नीट मिशी नाही. मी सामान चढवतो. जुना हमाल आणि मी. तो आता थाप मारत नाही, पण खोका एका टोकाला धरतो, मी दुसऱ्या. नर्सबाई येतात, बसतात, मला पिशवी देतात. "सांभाळून, काच आहे," एवढंच.

काल पहिल्यांदा शेवटच्या वस्तीवरून विमान भरून आलं आणि परत निघालं. जाणाऱ्यांत एक माणूस होता, खांद्यावर झोळी, झोळीत पोर. पोरीला लस टोचून परत चालला होता. तो कोण ते मला प्रवाशांच्या यादीवरून कळलं, चौकशीच्या कागदावर त्या बाईच्या नावापुढे हेच नाव होतं. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. त्याला शिडी चढायला हात मोकळा हवा होता, म्हणून त्याने पोर माझ्याकडे दिलं. "धरता का जरा?"

ताई, किती हलकं असतं गं. माझ्या कोटाचं बटण तिने मुठीत धरलं.

तो वर गेला, बसला, पट्ट्याशी झटत राहिला. मग खाली वाकून विचारलं, "तुम्ही पण चालवता का विमान?"

मी म्हटलं, "नाही. मी सामान चढवतो."

"बरं आहे, जमिनीवर बरं," तो म्हणाला आणि हात पुढे केले. बटण सोडवायला जरा वेळ लागला. पोर त्याच्याकडे दिलं, दार बाहेरून लावून खटका बसला की नाही ते ओढून बघितलं, आणि पंख्याच्या समोरून न जाता मागून वळसा घालून बाजूला झालो.